जिनिव्हा सरांची लाज

माणसाला आपल्या पापाची लाज वाटते असं म्हणतात. कोल्हापुरात तेवढीही वाटत नाही, कारण आमच्याकडे पाप केलं की आधी त्याचा फ्लेक्स लागतो. आमच्या जिनिव्हा सरांचं मात्र उलटं होतं. त्यांना दुसऱ्याच्या पापाची लाज वाटायची, आणि ती मनातल्या मनात राहायची नाही. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, मग मान, मग कपाळ. थंडीच्या दिवसांत सर लाजले की पहिल्या बाकावरची पोरं स्वेटर काढून ठेवायची. शपथेवर सांगतो, एका लेक्चरला तर छताचा पंखा आपोआप सुरू झाला.

परीक्षेत कुणी कॉपी करताना दिसला की बाकीचे प्राध्यापक झडप घालायचे. सर झडप घालायचे नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, जणू काही चिठ्ठी त्यांच्याच खिशातून पडली आहे. आधी आम्हाला वाटलं, लॉटरी लागली! भिंतीकडे बघणारा सुपरवायझर! पण भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीकडे बघत कॉपी करून बघा कधी. हात चालत नाही. आमच्या वर्गातला कॉपीसम्राट म्हणवणारा एक जण चिठ्ठी गिळून टाकून कोरा पेपर देऊन बाहेर आला आणि म्हणाला, "त्या पाठीला डोळं हायत, भावा."

सर आमच्या लॉ कॉलेजात युद्धाचे कायदे शिकवायचे. म्हणजे युद्ध कसं जिंकावं ते नव्हे. युद्ध चालू असताना कुणाला मारायचं नाही, काय पाडायचं नाही, पकडलेल्याशी कसं वागायचं, ते. हे सगळे करार जिनिव्हा नावाच्या शहरात झालेले, आणि सरांच्या दर चौथ्या वाक्यात ते शहर यायचं, म्हणून ते जिनिव्हा सर. मूळचे पेठ वडगावचे. वडील बाजारात हमाली करायचे, आई शेतात रोजगाराला जायची. घरात बुद्धाची एक छोटी मूर्ती आणि मोठमोठी इंग्रजी पुस्तकं. आयुष्यात त्यांनी जिनिव्हा पाहिलं नव्हतं. बेळगावच्या पुढं ते गेले असतील की नाही, याचीही मला शंका आहे.

हा विषय ऐच्छिक होता. कोल्हापुरात कोर्टात चालतात वाटणीचे, बांधाचे आणि चेक न वटल्याचे दावे. तिथं युद्धकैद्याचं वकीलपत्र कोण घेणार? तरी मी हा विषय घेतला, कारण सीनियर पोरांनी सांगितलं होतं, "डोळं झाकून घे. त्या माणसाला नापास करायची लाज वाटती." ज्ञानाची तहान वगैरे काही नव्हती. आम्ही वर्गात बोटावर मोजण्याइतके होतो आणि सगळे पास व्हायच्या तहानेने आलेले.

पहिल्याच लेक्चरला सर म्हणाले, "युद्ध थांबवणं माझ्या विषयात येत नाही. ते मोठ्या लोकांचं काम. माझ्या विषयात एवढंच येतं, की युद्ध चालू असताना पाण्याला गेलेली बाई घरी परत आली पाहिजे." मग खडू उचलला आणि फळ्यावर एका बाजूला सैन्य, दुसऱ्या बाजूला सैन्य आणि मधे घागर घेतलेली बाई काढली. चित्रकला इतकी भयानक, की घागर बाईपेक्षा मोठी झाली. पण वर्षभर सर जे काही शिकवत होते, ते त्या बाईला फळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सुखरूप नेण्याचंच काम होतं.

उदाहरणं ते आजूबाजूची घ्यायचे. एकदा म्हणाले, "समजा, बिद्रीच्या साखर कारखान्यावर शत्रूचं विमान आलं. कारखाना हे लष्करी लक्ष्य आहे का?" आमच्यात संभा नावाचा बिद्रीचा पोरगा होता. तो उभाच राहिला. "सर, बॉम्ब टाकायचा तर दुसरीकडं टाका. गाळप चालू हाय!"

"समजा म्हटलं मी, संभाजी."

"समजा बी नगं! माझा ऊस उभा हाय की अजून!"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बघा. नकाशावर तो एक ठिपका असतो. संभाजीला तिथला ऊस दिसला. बॉम्ब टाकणाऱ्याला तो दिसायला हवा, म्हणून हा कायदा आहे." संभा त्यानंतर आठवडाभर अशा थाटात फिरत होता, जणू बिद्री त्यानंच वाचवलं.

कॉलेजसमोर चहाची गाडी होती आणि गाडीवर एक टीव्ही. हल्ली त्यावर कुठलं ना कुठलं युद्ध चालूच असतं. कुठंतरी दवाखान्यावर बॉम्ब पडल्याची बातमी आली की सर हातातला ग्लास खाली ठेवायचे आणि मान घालून बसायचे. विमान चालवणारा पोरगा आपल्याच वर्गातून नापास होऊन गेलाय, असा चेहरा. चहावाल्याला राहवलं नाही. त्यानं विचारलं, "सर, तिकडं तुमचं कोन हाय काय?"

"नाही हो," सर म्हणाले. "पण असं करायचं नसतं, हे शिकवायचं काम माझ्याकडं आहे."

चहावाल्यानं लगेच चॅनेल बदललं. पुढं सर लांबून येताना दिसले की तो आधी कुस्ती लावायचा आणि मगच साखर टाकायचा.

आता आमच्या बाजूच्या युद्धाकडं येतो. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळायचं नाही. इथं टीम कंपनीची नसते, तालमीची असते. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण त्याच आखाड्याची फुटबॉल टीम, गणपती, पंगत आणि भांडणं. मैदानावर अकरा खेळतात, मैदानाबाहेर अख्खी पेठ. आमची एक तालीम आणि ओढ्याच्या पलीकडं त्यांची. मॅच संपली की खरी मॅच सुरू व्हायची, रस्त्यावर. दगड असे उडायचे की त्या तासाला आमच्या भागातून एक चिमणी उडत गेल्याचं कुणाला आठवत नाही. पलीकडच्यांना आम्ही "पलीकडचे" म्हणायचो. त्यांना नाव असतं, आई असते, हे आमच्या डोक्यात नव्हतं.

अशाच एका मॅचच्या दुसऱ्या दिवशी मी डोक्याला पट्टी बांधून वर्गात गेलो. पट्टी दोन टाक्यांची, पण बांधून घेतली होती पानिपताहून आल्यासारखी. सरांनी विचारलं, "काय झालं?" मी छाती काढून सगळी लढाई सांगितली. सर शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुम्ही लोकांनी कुणाला मारलंत?"

"त्यांच्या पाणीवाल्याला, सर. बाटल्यांचा क्रेट घेऊन पळत हुता. असा हाणला, क्रेट एकीकडं आनि त्यो एकीकडं!"

कान लाल झाले. मान लाल झाली. सर फळ्याकडे वळले आणि तास संपेपर्यंत वळलेलेच राहिले. फळ्यावर घागरवाली बाई नव्हती, पण मला ती स्पष्ट दिसत होती आणि तिच्या डोक्यावर प्लॅस्टिकचा क्रेट होता. घंटा झाल्यावर सर म्हणाले, "मला तुमच्या तालमीत घेऊन चला."

आमचे वस्ताद म्हणजे गल्लीचा डोंगर. बसले की आखाड्यात सावली पडायची. मी ओळख करून दिली, हे आमचे जिनिव्हा सर. वस्तादांनी सरांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "जिनिव्हा म्हंजे आजऱ्याकडं न्हवं?"

"थोडं पुढं," सर म्हणाले.

"तरीच. बसा, पावणं. दूध घ्या."

सरांनी दूध घेतलं आणि आपलं म्हणणं मांडलं. "भांडू नका असं सांगायला मी आलेलो नाही. ते तुम्ही ऐकणार नाही. पण भांडताना काही गोष्टी करायच्या नाहीत, एवढं ठरवू. पडलेल्याला मारायचं नाही. पाणी देणाऱ्याला, जखमीला उचलणाऱ्याला हात लावायचा नाही. त्यानं खांद्यावर पांढरा पंचा टाकायचा, म्हणजे ओळखू येईल. घरांवर, दुकानांवर दगड नाही."

वस्ताद विचारात पडले. "आनि त्येंनी मारलं तर?"

"तरी नाही."

"ही कसली अट? त्येंनी मारायचं आनि आमी बगत बसायचं?"

"लढणाऱ्याला मारा की. पण ते मोडतात म्हणून आपण मोडायचं, असं कलमच नाही, वस्ताद. प्रत्येकानं आपली बाजू सांभाळायची."

मी वही काढून कलमं लिहायला बसलो, तर वस्तादांनी ती मिटवली. आमच्याकडे शब्द कागदावर देत नाहीत. आखाड्यातली तांबडी माती मुठीत घ्यायची आणि बोलायचं. मग ते मोडलं तर त्या मातीत पुन्हा लंगोट लावायचा नाही, अशी रीत. वस्तादांनी मूठ भरली, पोरांनी भरली, मी भरली. सरांनीही वाकून, चष्मा सांभाळत, चिमूटभर घेतली. तीच गोष्ट सरांनी पलीकडच्या तालमीत जाऊन केली. तिथंही माती उचलली गेली. परत येताना सर मला म्हणाले, "एवढ्या मोठ्या देशांना सह्या करायला वर्षं लागली. इथं दुधाच्या ग्लासावर काम झालं." त्या दिवशी त्यांचे कान नेहमीच्या रंगाचे होते. इतका आनंदी माणूस मी पगाराच्या दिवशीही पाहिला नाही.

आणि चमत्कार म्हणजे ते चाललं! भांडणं थांबली नाहीत, पण भांडणाला शिस्त आली. दगड मारण्याआधी पोरं ओरडायची, "आज्जी, दार लावून घ्या!" आजी दार लावून घ्यायच्या, मग दगड सुटायचा. एकदा तर आजी चपला आत घ्यायला विसरल्या, तर दोन्ही बाजू थांबल्या आणि पलीकडच्या एकानं चपला आत नेऊन ठेवल्या. खोटं वाटत असेल तर आजींना विचारा. पंचा टाकलेला माणूस मधून चालत गेला की दगडांचा पाऊस असा फाकायचा, जसं पूर आल्यावर म्हशीच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातं. सर मॅच संपल्यावर येऊन कोपऱ्यावर उभे राहायचे, छत्री घेऊन, आणि बघायचे. वस्ताद म्हणायचे, "मास्तर आपल्या भांडनाचा पंच हाय."

मग बाळ्याला युक्ती सुचली. बाळ्या म्हणजे आमचा फॉरवर्ड. पायात वीज आणि डोक्यात त्याहून जास्त. त्या वर्षी फायनल आम्ही हरलो होतो, सर त्या दिवशी वडगावला गेलेले होते आणि पलीकडचे त्यांचा झेंडा नाचवत चौकात उभे होते. बाळ्या एका बाकड्यावर आडवा झाला. तोंडाला कुंकू फासलं. चौघांनी खांद्यावर पांढरे पंचे टाकले, बाकडं उचललं आणि "बाजूला व्हा, पोरगं लागलंय!" करत थेट त्यांच्या घोळक्यात शिरले. पलीकडच्यांनी वाट सोडली. बरोबर मधोमध गेल्यावर बाळ्या टुणकन उठला, झेंडा हिसकला आणि पाचही जण सुसाट परत!

काय हसलो आम्ही! वस्तादांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पोट धरून ते आखाड्यात लोळले. बाळ्याच्या गळ्यात हार, गुलाल, डॉल्बी. व्हिडिओ इतका फिरला की दुबईहून फोन आले. हरलेल्या फायनलची मिरवणूक काढणारी आमची पहिलीच तालीम असावी. मी तर तो किस्सा जिथं जाईन तिथं सांगत होतो आणि दर वेळी बाळ्या थोडा जास्त उंच उडत होता.

वर्गातही सांगितला. सर खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, "त्यांनी वाट सोडली?"

"सोडली की, सर! वाट सोडली, वर त्यातल्या एकानं बाळ्याच्या तोंडाला बाटली लावली. पानी पाजलं येड्यानं!"

"पाणी पाजलं," सर म्हणाले.

मी हसत होतो. मग मला दिसलं, की मी एकटाच हसतोय. सर या वेळी भिंतीकडे वळले नाहीत, फळ्याकडेही नाही. माझ्याकडेच बघत राहिले. लाल झाले नव्हते. पांढरे पडले होते. वर्षभरात सरांचा तो रंग आम्ही पाहिला नव्हता.

संध्याकाळी ते एकटेच ओढ्यापलीकडे निघाले. मी मागं मागं गेलो, अंतर ठेवून. पलीकडच्या तालमीच्या पायरीपाशी त्यांनी चपला काढल्या आणि उभे राहिले. आत डंबेल्सचा आवाज थांबला. त्यांचे वस्ताद बाहेर आले. हाडकुळे, मिशा पांढऱ्या. बसा म्हणाले नाहीत.

"करार आमच्या बाजूनं मोडला," सर म्हणाले. "ते सांगायला आलोय."

"तुमी हुता काय तिथं?"

"नव्हतो."

"तुमी सांगितलंतं त्येला?"

"नाही."

"मग तुमास्नी लाज कशाची, मास्तर?"

सर म्हणाले, "कुणाला तरी वाटायला पाहिजे की."

मी विजेच्या खांबामागं होतो. खांब बारीक आणि मी जाड, त्यामुळे मी सगळ्यांना दिसत होतो. पण कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

म्हातारे वस्ताद म्हणाले, "ऐका मास्तर. आता पांढरा पंचा दिसला, तर माझ्या पोरांस्नी पंचा न्हाय दिसायचा. त्येच्याखाली बाळ्या दिसनार. आता कुनी खरंच मरायला टेकला, तरी पोरं वाट देत्याल असं मी न्हाय सांगू शकत."

"पुढच्या वेळी पंचा मी घेईन," सर म्हणाले. "तेव्हा मी दिसेन."

पुढच्या हंगामात ती मॅच आली. आम्ही जिंकलो. जिंकलं तरी दगड होतातच. न झाले तर जिंकल्यासारखं वाटत नाही. चौकात दोन्ही बाजू उभ्या, शिट्ट्या, आरोळ्या. या वेळी "आज्जी, दार लावा" कुणी म्हटलं नाही. पलीकडचा एक पोरगा पुढं आला होता. सोन्या त्याचं नाव, हे नंतर कळलं. गडमुडशिंगीहून रोज सायकलवर येऊन त्यांच्याकडून खेळायचा. त्याच्या कपाळावर दगड बसला आणि तो आमच्या बाजूला, अगदी आमच्या पुढ्यात, बसल्यासारखा खाली आला आणि मग आडवा झाला.

कोपऱ्यावरून सर निघाले. खांद्यावर पांढरा पंचा, हातात पाण्याची बाटली. छत्री तिथंच ठेवली होती. सर काही चपळ गडी नव्हते. नळावरच्या रांगेत चालावं तसे चालत ते चौकाच्या मधे आले. मी पलीकडं बघत होतो. आता दगड येणार! हाडकुळ्या वस्तादांनी हात वर केला. पलीकडची सगळी पोरं, दगड हातात धरून, थांबली.

सर सोन्याजवळ गुडघ्यावर बसले. पंच्यानं त्याचं रक्त पुसायला लागले. आणि आमच्यातून आरडाओरडा सुरू झाला.

"सर, त्यो त्यांचा हाय!"

"सर, सोडा त्येला! त्यांचा हाय त्यो!"

सरांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं. वर्गात बघायचे तसंच, कुणी चुकीचं उत्तर दिल्यावर. म्हणाले, "पडलेला माणूस कुणाचाच नसतो रे."

तेवढ्यात एक दगड आला. तो आमच्या बाजूनं आला. सरांच्या कानामागं बसला आणि सर सोन्याच्या अंगावर ओणवे झाले.

कुणी मारला? विचारू नका. आम्ही आजपर्यंत एकमेकांना विचारलेलं नाही. सोन्यासाठी उचललेला असेल, नेम चुकला असेल. ज्याचा हात रिकामा होता असा आमच्यात त्या वेळी कुणी नव्हता. मी या चौकातल्या लढायांच्या एवढ्या गोष्टी फुगवून सांगितल्यात, पण ही जशी झाली तशीच सांगतो, कारण हिच्यात घालण्याजोगं मला काही सापडत नाही. पलीकडची पोरं पळत आली आणि आम्हाला वाटलं, आता संपलो. ती आमच्याकडे आलीच नाहीत. सर आणि सोन्या, दोघांभोवती कडं करून उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. पाठींवर त्यांच्या जर्सीचे नंबर होते. आम्ही त्या पाठींकडे बघत उभे.

सरकारी दवाखान्यात सर दहा-बारा दिवस होते. एका कानानं ऐकू यायचं बंद झालं. पोलिस आले. सर म्हणाले, "कुणी मारला ते मी पाहिलं नाही." पोलिसानं विचारलं, "कुठून आला?" सर म्हणाले, "ते सगळ्यांनी पाहिलं." एवढाच त्यांचा जबाब. आमच्या तालमीतल्या एकालाही पोलिसांनी बोलावलं नाही. आणि आम्हाला कुणी बोलावलं नाही, याच्याइतकी मोठी शिक्षा मी दुसरी पाहिलेली नाही.

आता आमच्याकडची एक खोड सांगतो. आम्हाला लाज वाटली की आम्ही सत्कार करतो. शाल, श्रीफळ, कोल्हापुरी फेटा. माणसाला फेटा बांधला की त्याला काही बोलता येत नाही, कारण फोटो चालू असतो. वस्ताद, बाळ्या, मी असे सगळे ताट घेऊन सरांच्या घरी गेलो. नारळ इतका मोठा होता की रिक्षात वस्ताद पुढं आणि नारळ मागं बसवावा लागला. सर पलंगावर बसले होते, कानावर पट्टी. वस्तादांनी ताटातला फेटा उचलला. सरांनी हात आडवा धरला.

"नको, वस्ताद."

"मास्तर, तालमीची इच्छा हाय. मान ठेवा."

"मान ठेवायचा असेल तर एक करा. त्या पोराच्या घरी जा. दारात उभं राहून तालमीचं नाव सांगा. बस्स."

"आनि मग?"

"मग काही नाही. तेवढंच."

बाळ्या म्हणाला, "सर, तिथं सत्कार करतो की आमी. त्या पोराला सायकल देतो, गिअरची."

"सायकल नको. नाव सांगा."

बघा, किती सोपं. फी नाही, परीक्षा नाही. आणि आम्हाला ते जमेना! आज वस्तादांचा गुडघा दुखतोय, उद्या अमावस्या, परवा कुणाच्या घरी बारसं. पलीकडच्यांच्या घोळक्यात घुसणारा बाळ्या गडमुडशिंगीची वाट विसरला. मी कोर्टात नवा नवा उभा राहायला लागलो होतो. तारखांची सबब माझ्याकडे कायमचीच. असे महिने गेले. सर निवृत्त झाले आणि मुलीकडे नागपूरला कायमचे जायला निघाले.

स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो, संभा बिद्रीहून गुळाची ढेप घेऊन आला होता. सरांचा चांगला कान कुठला ते विसरून मी वाईट कानाकडून बोलत होतो, ते मान वळवून घेत होते. गाडी हलायच्या आधी त्यांनी विचारलं, "गेलात का रे तिथं?"

"नाही, सर."

त्यांनी मान डोलावली. रागावले नाहीत. कपाळ, मान, कान सगळं हळूहळू लाल होत गेलं आणि त्या लाल चेहऱ्यानिशी ते खिडकीतून दिसेनासे झाले. ती लाज माझी होती. ती ते माझ्या वतीनं नागपूरपर्यंत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. वस्ताद, बाळ्या आणि मी. हातात काही नाही. गडमुडशिंगीत विचारत विचारत घर सापडलं. पत्र्याचं छप्पर, पुढं गोठा, दोन म्हशी. सोन्याची आई शेण काढत होती. आम्हाला बघून तिनं हात धुतले, पदर सारखा केला.

"या की. सोन्याचं दोस्त हायसा न्हवं? बसा. च्या टाकते."

आम्ही बसलो. बसायला नको होतं, उभं राहून सांगायचं होतं. पण तिनं घरात चटई टाकली आणि वस्तादांसारखा डोंगर मुकाट्यानं चटईवर गेला. ती चुलीपाशी बसून बोलत होती.

"सोन्या आता येईल, दूध घालाय गेलाय. देवाच्या दयेनं वाचला बघा. एक मास्तर धावलं, परक्यातलं. त्येलाबी हानलं त्या भाड्यांनी. मानसं न्हवंत ती. मास्तरावर कुनी दगड टाकतं व्हय? तुमीच सांगा, बाबा."

वस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी बाळ्याकडे. बाळ्या म्हशीकडे. कोर्टात मी तासतास बोलतो, समोरच्याला पाणी मागायला लावतो. इथं तीन शब्द सांगायचे होते.

"आमी त्याच तालमीचं हाय, मावशी," वस्ताद म्हणाले. उठून उभे राहिले आणि तालमीचं नाव सांगितलं. मग बाळ्यानं उठून सांगितलं. मग मी.

ती आमच्याकडे बघत राहिली. चुलीवरचा चहा उतू गेला, तिनं तो उतरवला नाही. तेवढ्यात अंगणात सायकल वाजली. तिनं पटकन दाराकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि दाराच्या आणि आमच्या मधे येऊन उभी राहिली. हलक्या आवाजात म्हणाली, "बसा तुमी. त्येला मारू नगा म्हंजे झालं."

रात्री नागपूरला फोन लावला. चांगल्या कानाला धरा म्हणून दोनदा ओरडलो. मग सगळं सांगितलं, तिचं शेवटचं वाक्यही सांगितलं.

"मग तुम्ही काय केलंत?" सरांनी विचारलं.

"बसलो, सर. सोन्या आला. त्याच्यासमोर पुन्हा सांगितलं."

"ती दारात उभीच होती?"

"होती, सर. आम्ही निघेपर्यंत."

"हं," सर म्हणाले. "मग पुढच्या महिन्यात पुन्हा जा. ती खाली बसेपर्यंत जात राहा."

आम्ही जातोय.